रिपोर्टाचे पेढे

डॉक्टरीणबाईंच्या टेबलासमोर खुर्च्या दोन होत्या आणि आम्ही माणसं चार होतो. एका खुर्चीवर सासूबाई बसल्या, दुसरीवर आत्याबाई. आत्याबाई म्हणजे माझ्या सासऱ्यांची थोरली बहीण, साळूबाई. खास माझ्या पहिल्या तपासणीसाठी त्या वडगाव रासाईहून दौंडला आल्या होत्या. जिच्या पोटात बाळ होतं ती मी भिंतीला टेकून उभी. आणि हे दारात, अर्धे आत, अर्धे बाहेर. रेल्वेत सिग्नल खात्याला असल्यामुळे माणूस कुठंही उभा राहिला तरी बोलावणं आल्यासारखाच उभा राहतो.

"शेवटची पाळी कधी आली होती?" डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं.

मी तोंड उघडलं. तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "संकरात झाली, आन् त्यावर आठ दिसांनी."

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाईंनी आत्याबाईंकडे पाहिलं. आत्याबाईंनी मान डोलावली, म्हणजे त्यांच्या हिशेबातही तेच होतं. डॉक्टरीणबाईंनी लिहून घेतलं.

ती तारीख खोटी होती. हे त्या खोलीत मला आणि सासूबाईंनाच ठाऊक होतं, आणि त्यानंतर आम्ही दोघी एकमेकींकडे बघायचं टाळत होतो.

त्याचं असं आहे की आमच्या सासरी नुसत्या लग्नानं लग्न पुरं होत नाही. खंडोबाचं जागरण घालावं लागतं. नवरानवरी जोडीनं देवापुढं बसतात, वाघ्या-मुरळी गाणी म्हणतात, भंडारा उधळला जातो, तेव्हा कुठं देवाच्या दप्तरी नवी सून दाखल होते. आमचं जागरण माघातल्या पौर्णिमेनंतरच्या रविवारी धरलं होतं. आत्याबाईंनी आठवडाभर आधी चौकशी करून ठेवली होती, "पोरीचं कवा झालं? जागरणात काय घोळ न्हाई ना?" आणि सासूबाईंनी छातीठोकपणे सांगितलं होतं, "संकरातीनंतर झालंय. पुढली भीती न्हाई."

भीती त्याच रविवारी सकाळी आली, वेळेच्या बऱ्याच आधी. मी गोठ्यामागं जाऊन सासूबाईंना सांगितलं. त्यांनी चुलीवरच्या पातेल्यांकडे पाहिलं, मांडवाकडे पाहिलं, बैलगाड्या आणि टेम्पोतून उतरणाऱ्या पाहुण्यांकडे पाहिलं.

"आणिक कुणाला सांगितलंस?"

"कुणालाच नाही."

"मग अजून झालंच न्हाई," असं म्हणून त्या भाकऱ्या मोजायला गेल्या.

एवढ्यावर मिटलं. मी जागरणाला बसले, भंडारा लावून घेतला, तळी उचलली. आणि पुढच्या महिन्यात पाळी आलीच नाही. ती जागरणाच्या दिवसाची शेवटची.

आता तुम्ही म्हणाल, डॉक्टरांपुढं तरी खरं सांगायचं. पण डॉक्टरांपुढं एकटं जायला मिळालं तर ना. आणि मला वाटलं, दोन-अडीच आठवडे इकडे की तिकडे, बाळाला काय कळतंय. मी शिरूरच्या कॉलेजातून बी.एस्सी. झालेली बाई आहे. केमिस्ट्री घेऊन. पहिलं रीडिंग चुकलं की पुढचं सगळं गणित बोंबलतं, हे प्रॅक्टिकलला मी इतरांना समजावून सांगत असे.

पुढच्या खेपेला सोनोग्राफी झाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तारखेच्या मानानं बाळ जरा लहान दिसतंय."

हे वाक्य दवाखान्यातून आमच्या घरी माझ्याआधी पोचलं. संध्याकाळपर्यंत सासूबाईंनी डिंकाचे लाडू वळायला घेतले. सासरे, म्हणजे तात्याबा, गावाहून शेळीचं दूध घेऊन आले आणि मी पेला रिकामा करेपर्यंत समोर बसून राहिले. कॉलनीत पलीकडच्या ओळीत कुशाबाई राहायच्या. त्यांनी रोज एक उकडलेलं अंडं पदराखालून आणून द्यायला सुरुवात केली. आमच्या घरी कोंबडी-बोकड राजरोस चालतं, तरी त्यांनी पदराखालून का आणावं हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. बाळ लहान ते लहानच राहिलं. मी मात्र अशी वाढले की पुढच्या तपासणीला डॉक्टरीणबाईंनी वजनकाटा दोनदा हलवून पाहिला.

मग त्या म्हणाल्या, एक रक्ततपासणी करून घेऊ. ट्रिपल मार्कर म्हणतात. हल्ली निघालीय.

रक्त पुण्याला गेलं. निकाल यायला मध्ये आठवडा गेला. मे महिना, दौंडचं ऊन, क्वार्टरचं पत्र्याचं छप्पर. निकाल आला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी प्रथमच मला खुर्चीवर बसायला सांगितलं. तेव्हाच मी ओळखलं.

"घाबरू नका. हा निकाल नाही, नुसती शक्यता आहे. बाळाला डाऊन सिंड्रोम असण्याची शक्यता एकशेवीसात एक आली आहे. तुमच्या वयाला ही जास्त आहे. पुण्याला मोठ्या डॉक्टरांना दाखवा. लागलं तर त्या पोटातल्या पाण्याची तपासणी करतील." मग त्यांनी अशी मुलं कशी असतात ते सांगायला सुरुवात केली. मी म्हटलं, मला माहीत आहे.

मला खरंच माहीत होतं. आमच्या समोरच्या क्वार्टरमध्ये राजश्री राहत होती.

राजश्री पंधरा वर्षांची. तिचे वडील महेंद्र मालगाडीचे गार्ड, आई मायाताई नगरपालिकेच्या शाळेत शिक्षिका. लग्न होऊन मी कॉलनीत आले तेव्हा माझ्याशी पहिलं बोललं कोण, तर राजी. भाजीवाली कुठल्या फाटकातून येते, नळाला पाणी कधी येतं, कुणाचं कुत्रं चावतं, हे सगळं तिनं मला दाखवलं. दिवसभर स्टेशनातला भोंगा ऐकून तिला त्या बाईसारखी घोषणा करता यायची. दूधवाला दिसला नाही की फाटकात उभी राहून खणखणीत आवाजात सांगायची, "दूधगाडी उशिरानं धावत आहे." रोज संध्याकाळी ती आमच्याकडे यायची. माझ्याबरोबर शेंगा सोलायची, त्यातल्या निम्म्या खायची. पोट दिसायला लागल्यावर त्यावर हात ठेवून विचारायची, "बाळगाडी कितव्या प्लॅटफॉर्मवर?" आणि स्वतःच घोषणा करायची, "बाळगाडी उशिरानं धावत आहे." मला हसू आवरायचं नाही.

त्या दिवशी दवाखान्यातून आले, तर राजी पायरीवर बसलेली. मला बघून उठली. मी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. रोज बघत असे तसं नाही. डोळे, नाक, बोटं, असं एकेक वेगळं करून पाहिलं. मग म्हटलं, "आज नको राजी, ताईचं डोकं दुखतंय."

घरात एकशेवीसात एकचा अर्थ लावायचं काम सुरू झालं. ह्यांनी सिग्नलवाल्याच्या डोक्यानं सांगितलं, "अगं, एकशेएकोणीस गाड्या सुखरूप गेल्या असा त्याचा अर्थ." मी म्हटलं, जी घसरली तिच्यात कुणीतरी बसलेलं असतंच ना. तात्याबांचं आयुष्य मेंढरांमागं गेलेलं. ते म्हणाले, "एकशेवीसात एक? सूनबाई, माझ्या कळपात शंभरात चार लंगडी निघायची. ह्यो लई गुणाचा कळप हाय." त्यांना मला धीर द्यायचा होता हे मला कळत होतं. पण रात्रभर डोळ्यांपुढून मेंढरं गेली.

दुसऱ्या दिवशी अंथरूण काढताना माझ्या उशीखाली भंडाऱ्याची पुडी सापडली. मी ती उचलून बघत होते, तर मागं सासूबाई.

"असू दे," त्या हळूच म्हणाल्या. "त्या दिसाचं देवाला लागलं असंल. म्या तुला बसवलं. माझ्या अंगावर येऊ दे म्हणून सांगितलंय त्याला."

मी त्यांना समजावलं की हे गुणसूत्रांवर असतं, देवाचा त्यात संबंध नाही. अगदी नीट, आकृती काढून समजावलं. मग त्या गेल्यावर पुडी परत उशीखाली ठेवली, आणि वर थोडा भंडारा कपाळाला लावला. घाम येत होता म्हणून तो उतरून नाकावर आला. ह्यांनी विचारलं, कावीळ झाली का?

पुण्याला जायचं तर ह्यांना रजा पाहिजे. रजेच्या अर्जात कारण पाहिजे. ह्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं, 'पत्नीच्या पोटातील पाण्याची तपासणी करणे.' हेडक्लार्कांनी अर्ज परत केला, म्हणाले, रेल्वेच्या दवाखान्याची चिठ्ठी जोडा. रेल्वेच्या दवाखान्यात कंपाउंडर म्हणाला, पोटात पाणी असेल तर पेशंट समोर आणा. पेशंट म्हणजे मी गेले. तिथले डॉक्टर सुट्टीवर. कंपाउंडरनं लांबूनच पोट पाहिलं आणि म्हणाला, "पाणी पुष्कळ दिसतंय." तोवर चहाच्या सुट्टीत सगळ्या यार्डात झालं होतं की खंडूच्या बायकोला जलोदर झालाय. संध्याकाळी बायका भेटायला आल्या. एकीनं घेटुळीची भाजी आणली, म्हणाली, सूज उतरते. दुसरी म्हणाली, मीठ तोड. कुशाबाईंनी अंडं बंद करून उपासाचं सुचवलं.

आणि ज्यांना जलोदर पटला नाही त्यांनी वेगळाच तर्क काढला. शिकलेली सून, गुपचूप सोनोग्राफी, गुपचूप रक्त, आता पुण्याला. म्हणजे मुलगा की मुलगी बघायला चाललेत. एक दिवस आरोग्य खात्याच्या सिस्टर आल्या आणि गोड आवाजात पंचवीस प्रश्न विचारून गेल्या. मी कॉलेजात स्त्रीभ्रूणहत्येवर निबंध लिहून दुसरा नंबर मिळवलेली. त्या अपमानानं मला दोन दिवस जेवण गेलं नाही. आत्याबाईंना मात्र तो तर्क मनापासून आवडला. "आता एवढं बघत्यातच, तर तेवढंबी विचारून घ्या की," त्या म्हणाल्या.

त्याच आत्याबाईंनी एकदा मला जवळ बोलावलं आणि समोरच्या क्वार्टरकडे हनुवटी करून म्हणाल्या, "त्या पोरीचं त्वांड बघत जाऊ नको. पोटूशी बाई जे बघती तसं व्हतं."

मी संतापले. आत्याबाईंना मी शास्त्र सांगितलं, माणुसकी सांगितली, राजीनं कधी कुणाचं वाईट केलं का तेही विचारलं. असलं पुन्हा बोलू नका म्हटलं. माझा आवाज असा चढला की तात्याबा उठून बाहेर गेले.

मग मी आत जाऊन दाराला कडी लावली, कारण संध्याकाळ झाली होती आणि राजीची यायची वेळ होती.

रोज तेच. ती यायची. आधी दार वाजवायची. मग पायरीवर बसायची. मी खिडकीच्या पडद्याआडून बघायची आणि पुन्हा बघितलं म्हणून स्वतःवर चिडायची. एकदा तिनं दाराच्या फटीला तोंड लावून घोषणा केली, "ताईगाडी उशिरानं धावत आहे." मी श्वास धरून आत उभी. सासूबाई शेंगा घेऊन बाहेर निघाल्या होत्या, त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि परत फिरल्या.

नळावर मायाताई भेटल्या. "ललिता, बरं नाही का गं? राजी म्हणते दार लावलेलं असतं."

"ऊन सोसत नाही," मी म्हटलं.

"हो, ऊन आहे खरं," त्या म्हणाल्या. हंडा भरला होता, तरी त्या थोडा वेळ तिथंच उभ्या राहिल्या.

शेवटी रजा मिळाली. आम्ही पाचजण पुण्याला गेलो. मी, हे, सासूबाई, तात्याबा आणि आत्याबाई. आत्याबाईंना कुणी बोलावलं नव्हतं, पण त्यांना न्यायचं नाही हे सांगणार कोण.

मोठ्या डॉक्टरीणबाईंच्या खोलीत खुर्च्या पुरेशा होत्या. त्यांनी सोनोग्राफी केली. फिरवून फिरवून पाहिलं. मग म्हणाल्या, "बाळ छान आहे. हातपाय, डोकं, सगळं एका मापाचं आहे. फक्त तुमच्या तारखेपेक्षा अडीच आठवडे मागं आहे. तारीख नक्की आहे का? कारण तारीख चुकली असेल तर ही रक्ततपासणीही चुकली. रक्तातलं प्रमाण आठवड्याआठवड्याला बदलतं. मग ते एकशेवीस वगैरे सगळं विसरा."



"नक्की हाय," आत्याबाई म्हणाल्या. "संकरात झाली, आन् त्यावर आठ दिसांनी."

"तुम्ही नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "यांना बोलू द्या."

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांच्या कपाळावर घाम होता आणि हातात पदराचा बोळा. मी सांगायला तोंड उघडलं, आणि नेहमीप्रमाणे माझ्याआधी सासूबाईच बोलल्या.

"जागरणाच्या दिशी आली व्हती," त्या म्हणाल्या. "पोरीनं सांगितलं मला. म्या दडवलं. बोकड शिजलं व्हतं, वन्सं. चार गावची माणसं बसली व्हती. काय करणार व्हते?"

तात्याबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. हे छताकडे बघू लागले. आत्याबाईंचा चेहरा मी बघितला नाही. हिंमत नव्हती.

डॉक्टरीणबाईंना यातलं काही कळलं नाही. त्यांनी पेन उघडलं. "बरं. जागरण कोणत्या तारखेला होतं?"

कुणाला सांगता येईना. हे म्हणाले, फेब्रुवारी. सासूबाई म्हणाल्या, रविवार. तात्याबा म्हणाले, ऊस तुटायच्या आधी. आमच्या घरात देवाच्या तारखा एकाच माणसाकडे असतात, आणि ते माणूस खिडकीकडे तोंड करून, आमच्याकडे पाठ करून बसलं होतं.

"आत्याबाई," मी म्हटलं.

खिडकीतून बाहेर बघतच त्या म्हणाल्या, "माघ पुनवंच्या नंतरचा आयतवार. पुनव शुक्रवारी व्हती."

डॉक्टरीणबाईंच्या भिंतीवरच्या कॅलेंडरात औषध कंपनीची गुटगुटीत बाळं होती, तिथ्या नव्हत्या. बाहेरच्या काउंटरवरून मराठी कॅलेंडर मागवलं. पानं मागं उलटली. आठ फेब्रुवारी. डॉक्टरीणबाईंनी बोटांवर मोजलं, स्क्रीनकडे पाहिलं आणि समाधानानं म्हणाल्या, "अगदी बरोबर बसतंय. रक्त फार लवकर घेतलं गेलं होतं. पंधरा दिवसांनी पुन्हा घेऊ. पोटातलं पाणी काढायला सुई घालायची गरज नाही."

म्हणजे जे झालं ते जागरणामुळेच झालं होतं. फक्त देवानं काही केलं नव्हतं. आम्हीच केलं होतं.

परतीच्या गाडीत आत्याबाई आमच्यापासून दोन बाकडी लांब बसल्या. सासूबाईंनी पाणी पाठवलं, ते आलं तसं परत आलं. यवत गेल्यावर त्या उठून आल्या, सासूबाईंसमोर उभ्या राहिल्या. आता काय ऐकायला लागतंय म्हणून मी बॅग छातीशी धरली.

"बाळतीण उठली की पुन्यांदा जागरण घालायचं," त्या म्हणाल्या. "आन् ह्या बारीला तारीख माझी मी धरणार. तू भाकरी थाप."

"बरं वन्सं," सासूबाई म्हणाल्या. मग बऱ्याच दिवसांनी त्या झोपल्या. बसल्या बसल्या, तोंड उघडं टाकून, थेट दौंडपर्यंत.

दुसरा रिपोर्ट चांगला आला. किती हजारात एक असा मोठा आकडा होता. तात्याबा म्हणाले, एवढी मेंढरं अख्ख्या तालुक्यात नसतील. हे स्टेशनाबाहेरच्या दुकानातून पेढे घेऊन आले, आणि माझ्या अंगात काय संचारलं कोण जाणे, मी डबा घेऊन कॉलनीभर फिरले. जलोदरवाल्यांना दिले. मुलगा-मुलगी तर्कवाल्यांना दिले. सिस्टर रस्त्यात भेटल्या, त्यांना दोन दिले. कुशाबाईंनी पदराखाली घेतला. सगळ्यांना एकच सांगत होते, रिपोर्ट आला, डॉक्टरांनी उगाच घाबरवलं होतं, बाळ नॉर्मल आहे. शेवटचं दार मायाताईंचं. ते वाजवेपर्यंत माझी चाल जोरात होती.

"पेढे?" त्या म्हणाल्या. "अगं, अजून तर अवकाश आहे."

"नाही, रिपोर्ट आला," मी म्हटलं. "डॉक्टरांनी घाबरवलं होतं."

"कशाची भीती घातली होती?"

मी डबा धरून उभी राहिले. कॉलनीभर घडाघडा म्हटलेलं वाक्य तिथं तोंडातून निघेना. मायाताईंनी माझ्याकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं. त्या शिक्षिका आहेत. पोरानं उत्तर दिलं नाही तरी त्यांना कळतं. तेवढ्यात आतून राजी आली. डबा बघून तिचा चेहरा उजळला. तिनं एका हातात एक आणि दुसऱ्या हातात एक असे पेढे घेतले.

"कशाचे?" तिनं मला विचारलं.

"ताईचं बाळ बरं आहे," मायाताई म्हणाल्या. त्यांनी स्वतःही एक उचलला. खाल्ला नाही, हातात धरला. "चांगलं झालं, ललिता. खरंच चांगलं झालं." मग दार लोटता लोटता थांबल्या. "ती बाळाला बघायला येईल. तेवढं दार उघडं ठेव."

घरी येऊन मी दार उघडं टाकलं. दोन्ही फळ्या, भिंतीला लावून, मध्ये वीट घालून. ऊन थेट स्वयंपाकघरापर्यंत यायचं, धूळ यायची, एकदा कुत्रं आलं. राजी मात्र काही दिवस आली नाही.

मग एका संध्याकाळी आली. मी आत शेंगा घेऊन बसले होते. वाटलं, आता धावत येईल, पोटावर हात ठेवील, घोषणा करील. ती पायरीपर्यंत आली, उघड्या दाराकडे तिनं एकदा पाहिलं, आणि माझ्याकडे पाठ करून पायरीवर बसली. हात मांडीवर ठेवून, शहाण्यासारखी, वाट बघत. मी लावलेल्या सवयीप्रमाणे.